चौथी मूठ

देश कसा चालवावा हे माझ्या सासऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. देशाने त्यांना कधी विचारलं नाही, एवढीच काय ती अडचण. सुरतेत, उधन्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरापुढे एक ओटा होता. लूमच्या पाळीवरून आले, आंघोळ केली, कपाळाला गंध लावलं आणि त्या ओट्यावर मांडी घातली की त्यांचा कारभार सुरू व्हायचा. ऐकायला शेजारचे दोघेतिघे आणि चहा द्यायला मी.

"देश म्हंजे घर शे," असं त्यांचं अहिराणीतलं म्हणणं. घराला दार असतं. दार ढकलून येतो तो चोर आणि कडी वाजवून येतो तो पाहुणा. पाहुण्याने चपला बाहेर काढाव्यात, पुढ्यात येईल ते खावं आणि राहायचंच असेल तर घरच्या रीतीने राहावं. सरकारबद्दलही त्यांचा हिशेब साधा होता. सरकारने रस्ता करावा, पाणी सोडावं, चोराला धरावं, सरहद्दीवर शिपाई उभा करावा. त्यापुढे माणसाच्या चुलीपाशी येऊ नये. रेशनची साखर घरात आणायला त्यांचा सक्त विरोध होता. "आज साखर दिई, उद्या चहा कितला पेवाना ते बी सांगी," ते म्हणायचे. सासूबाई मान डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीने पिशवी घेऊन रेशनच्या दुकानात जायच्या. त्या साखरेचा चहा मामाजी, म्हणजे माझे सासरे, मिटक्या मारत प्यायचे आणि सरकारवर टीका करायचे. मी ते सुख कधी मोडलं नाही.

माझं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी सुरतेत प्लेगची साथ आली. निम्मं गाव पळालं, मग परत आलं, आणि त्यानंतर पालिकेने शहर असं झाडून काढलं की ओळख पटेना. रस्त्यावर आलेले पत्रे, टपऱ्या, ओटे हटवले गेले. मामाजी बेहद्द खूश होते. "याले म्हनतस सरकार!" मग एके सकाळी आमचा अर्धा ओटा गेला. मला वाटलं, आता हे मत फिरवतात. दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी उरलेल्या अर्ध्या ओट्यावर बसून म्हणाले की नियम सगळ्यांना सारखा लागला, हे उत्तम झालं. जागा कमी झाल्यामुळे ऐकणारा मात्र एकच उरला.

त्यांचा सगळ्यात आवडता विषय म्हणजे बाहेरचे लोक. कुठून कुठून गाड्या भरून माणसं येतात, मजुरी पाडतात, खोल्या महाग करतात, इथलं काही शिकत नाहीत. तुम्हीही धुळ्याकडून आलात की, असं मी एकदा म्हणून बघितलं. "आम्ही उनूत तवय सुरतले मानसं पाहिजे व्हतात," असं उत्तर आलं. आम्ही बोलावल्यावर आलो, हे न बोलावता येतात. आमचे घरमालक सुरतीच. महिन्यातून एकदा तेही ओट्यावर टेकायचे आणि गुजरातीत म्हणायचे, "आ बहारना लोकोए गाम बगाडी नाख्युं." बाहेरच्यांनी गाव बिघडवलं. मामाजी जोरजोरात मान हलवायचे. घरमालक कोणाबद्दल बोलतात हे त्यांना कळत नव्हतं, की कळूनही मान हलत होती, हे मला आजवर उमगलेलं नाही.

मी वर्ध्याकडची. माझे वडील मास्तर, आणि सगळं जग एक कुटुंब असल्याचं आम्हाला जेवताना रोज ऐकवायचे. तरी आमच्याकडे पाहुणा दुसऱ्या रात्री थांबला की तेच आईला विचारायचे, हा जाणार कधी? त्यामुळे मोठ्या शब्दांवर माझा भरवसा लहानपणीच उडालेला. मामाजींची मतं मला आखूड वाटायची, पण ते जे बोलत ते पाळत, म्हणून मी ऐकून घ्यायची. खरं सांगायचं तर हळूहळू त्यातली बरीचशी मला पटतही गेली. दाराला कडी असावी असं मलाही वाटतं.

आता कानबाईचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं. कानबाई ही खानदेशाची देवी. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरोघरी बसते. नारळाला नथ घालतात, डोळे लावतात, साडी नेसवतात, चौरंगाला केळीचे खांब बांधतात, बायका रात्र जागवतात आणि सोमवारी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. या देवीचा प्रसाद म्हणजे रोट, गव्हाच्या जाड पोळ्या. त्या रोटांचे गहू साधे मोजत नाहीत. घरात जितके पुरुष तितक्या मुठी भरतात, प्रत्येकाच्या नावाने एकेक. आणि ते रोट फक्त घरचे आणि भाऊबंद खातात. बाहेरच्याला तुकडा नाही. शेजारी असो, व्याही असो, देवमाणूस असो, खीर घ्या, भाजी घ्या, पण रोट नाही. रोट परक्याच्या पोटात गेला तर कानबाई घर सोडते, अशी आमच्या घरात समजूत होती.

पहिल्या वर्षी मी सासूबाईंना विचारलं, बायकांच्या नावाची मूठ का नाही? त्या म्हणाल्या, "बायासले मोजीसन काय करो? त्याच करतीस ना सगळं." मी पुन्हा गहू निवडायला लागले. आमच्या घरात मुठी तीन. मामाजींची, आमच्या ह्यांची आणि धाकट्या दिरांची.

या तीन मुठींसाठी मामाजी गावी भांडले होते. त्यांचे थोरले चुलतभाऊ गावी राहत. भाऊबंदांत त्यांचा शब्द शेवटचा. भाड्याच्या खोलीत कानबाई बसत नसते, दरसाल गावाला या, असं त्यांचं मत. मामाजींनी कैक वर्षं विनवण्या केल्या, मग रुसले, मग पुन्हा विनवण्या केल्या आणि शेवटी वेगळी कानबाई सुरतेला आणली. खोली भाड्याची, लूम शेठचा, ओटा पालिकेने अर्धा नेलेला. सुरतेत आपलं म्हणावं असं त्यांच्याजवळ एकच होतं, ते म्हणजे वर्षातून एकदा दोन दिवस बसणारी ती देवी.

लूमच्या शेडला सुरतेत खातं म्हणतात, आणि खात्यात माणसाला नावाने हाक मारत नाहीत, गावाने मारतात. मामाजी तिथे 'धुळिया'. त्यांच्या शेजारचे लूम चालवायचा तो ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातला, म्हणून 'गंजाम'. तिशीचा, काटक, बोलायला कमी आणि हसायला जास्त. आपल्या गावच्या माणसांबरोबर एका खोलीत राहायचा. दिवसपाळीचे उठले की रातपाळीचे त्याच सतरंज्यांवर आडवे व्हायचे. मामाजी ओट्यावर ज्या बाहेरच्यांचा उद्धार करत, ते बहुतेक गंजामचेच गाववाले. पण खुद्द गंजामचा विषय निघाला की म्हणायचे, "तो तसा नही." मी एकदा विचारलं की मामाजी, जो तो तसा नसेल तर तसे आहेत तरी कोण? ते म्हणाले, चहा आण.

खात्यात लूमचा आवाज एवढा असतो की कानाला तोंड लावून ओरडलं तरी कळत नाही. सगळं बोलणं हातांनी. धागा तुटला, शेठ आला, पाणी दे, सगळ्याला खुणा ठरलेल्या. जेवण म्हणजे दोन लूमच्या मधल्या बोळात उभ्याउभ्या डबा उघडायचा, आणि डोळे कापडावर. मामाजींची सवय अशी की भाकरी मोडायची आणि पहिला अर्धा भाग न बघता उजवीकडे गंजामला द्यायचा. तिकडून कांदा-मिरची यायची. वर्षानुवर्षं हे असं चाललेलं. त्यात ना आग्रह, ना आभार.

रोटांचा दुसरा नियम असा की ते उंबऱ्याबाहेर नेत नाहीत. गावी हे जमतं, शेतातून माणूस घरी येऊन जेवतो. सुरतेत पाळी बारा तासांची, आणि रोट तर चार दिवसांत संपवायचेच असतात. तेव्हा मामाजींनी स्वतःच्या अधिकारात नियमाला एक सूट दिली. रोट डब्यात नेता येईल, मात्र भिंतीकडे तोंड करून एकट्याने खायचा. हीच सूट सरकारने दिली असती तर ओट्यावर केवढा गहजब झाला असता! पण घरात ते स्वतःच सरकार होते, त्यामुळे ठराव बिनविरोध पास झाला.

कानबाई नेल्यानंतरच्या मंगळवारी मामाजी भर दुपारी घरी आले. पाळी अर्धी टाकून ते कधी आले नव्हते, ताप असतानासुद्धा नाही. दारातच उभे राहिले. चेहरा उतरलेला, केसांत धाग्यांचे तंतू. सासूबाई घाबरून पुढे झाल्या तेव्हा म्हणाले, "मी रोट गंजामले दिधा. माले याद ऱ्हायनं नही. हात गया, बस."

भिंतीकडे तोंड करून उभे होते म्हणे. पण तोंड भिंतीकडे असलं तरी उजवा हात होता तिथेच होता. त्याने रोज करायचं ते केलं. गंजामने रोट घेतला, खाल्ला आणि फार चांगला झालाय अशी खूण केली. ती खूण बघून मामाजींना कळलं की आपण काय करून बसलो.

सासूबाई देव्हाऱ्यापुढे बसून रडायला लागल्या. मधेच रडणं थांबवून त्यांनी फर्मान काढलं की त्या माणसाचं तोंड पुन्हा बघायचं नाही, शेठला सांगून दुसऱ्या खात्यात जा. मामाजींनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते रिकामा चौरंग होता त्या कोपऱ्याकडे बघत होते. मला हसू येत होतं आणि त्यांच्याकडे बघून ते विरतही होतं. इतका रुबाबदार माणूस एवढासा झालेला मी पहिल्यांदा बघितला, आणि मला त्यांची फार दया आली. कानबाई गेली तर सुरतेत आपण नुसतेच मजूर उरलो, हे ते तोंडाने म्हणाले नाहीत, पण घरात सगळ्यांना ते ऐकू आलं.

संध्याकाळी गावी फोन लावायचं ठरलं. एसटीडी बूथवर नंबर फिरवायला मी बरोबर गेले. गावातल्या किराणा दुकानात फोन होता. थोरल्यांना बोलावून आणा म्हणून सांगितलं, मग थोड्या वेळाने परत लावला. मामाजी काचेच्या त्या डब्यात टोपी काढून उभे राहिले आणि घडलेलं सगळं सांगितलं, एकही शब्द स्वतःच्या बाजूने न फिरवता. पलीकडचा आवाज एवढा चढला की मला बाहेर स्टुलावर बसून स्पष्ट ऐकू येत होता. थोरले म्हणाले, मी आधीच सांगितलं होतं, देवी गावाला परत आणा. "नही तं मंग त्याले भाऊबंद करी ले!" आणि खो खो हसून त्यांनी फोन आपटला.

मामाजी बाहेर आले ते टोपी झटकून डोक्यावर नीट बसवतच. चालही बदललेली. मी म्हटलं, "मामाजी, त्यांनी टोमणा मारला तुम्हाला."

"थोरलास्नी सांगं," ते म्हणाले. "हासीसन सांगं का रागे सांगं, ते मी काब्र देखू?"

कायदा म्हणजे कायदा. थोरल्यांनी वाट दाखवली होती, ती कुठल्या सुरात दाखवली याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. नियम मोडायचा नव्हता, रोट घरच्यानेच खायचा हे पक्कं. तेव्हा ज्याने खाल्ला तो घरचा असायला हवा. उरलेलं काम एवढंच की त्याला रीतसर घरात घ्यायचं. मला हे डोकं भारी आवडलं. मी असते तर 'जाऊ द्या, काही होत नाही' म्हणाले असते, आणि गंजाम होता तिथेच, बाहेरच राहिला असता.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी गंजामला बोलावणं गेलं. बिचारा तेल लावून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्याला वाटलं जेवायचं आमंत्रण असावं. मामाजींनी त्याला अर्ध्या ओट्यावर समोर बसवलं आणि आपल्या खानदेशी हिंदीत सुरुवातच अशी केली, "तूने जो खाया ना, वो रोटी नहीं थी. हमारा देव था." गंजाम पांढराफटक पडला. मी पाणी घेऊन धावले आणि नीट समजावून सांगितलं.

मग अटी सुरू झाल्या. परदेशात जाऊन तिथलं होणाऱ्यांना काय काय विचारतात मला माहीत नाही, पण मामाजींच्या ओट्यापेक्षा जास्त विचारत नसावेत. कानबाईला दरसाल हजर राहायचं. रात्र जागवायची. नदीवर नेताना खांदा द्यायचा. घरचं भांडण बाहेर सांगायचं नाही. घरात कोणी गेलं तर सुतक पाळायचं. आणि श्रावणात मासळी बंद.

बाकी सगळ्याला गंजाम मान हलवत होता. मासळीपाशी थांबला. "पूरा महीना, काका?"

"पूरा."

गंजामने रस्त्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी पदराआड तोंड लपवलं. शेवटी तो म्हणाला, "माँ से पूछना पड़ेगा."

सासूबाई आतून बाहेर आल्या. आपण एवढा मान देतोय आणि हा आईला विचारणार! पण मामाजींनी मांडीवर थाप मारली. आईला न विचारता दुसऱ्याच्या घरचा होणारा माणूस आपल्याला नकोच होता, असं ते त्या रात्री जेवताना पुन्हा पुन्हा म्हणाले. घरमालकांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं. परीक्षा सुरू व्हायच्या आधीच गंजाम पास झाला होता.

तो थंडीत गावी गेला आणि महिन्याभराने परतला. आईचा निरोप त्याने ओट्यावर उभ्यानेच सांगितला. "माँ ने बोला, जो खिलाता है उसको ना मत बोलना. पर पूछा है, मेरा बेटा तो रहेगा ना?"

मामाजींनी त्याला शेजारी बसवलं. "उसको बोलना, बेटा उसी का है. हम छीनते नहीं. हम जोड़ते हैं." मग नेहमीच्या सुरावर येऊन म्हणाले, "और मच्छी का पूछा?"

पूछा था. आईने हसून परवानगी दिली होती.

त्या श्रावणात सुपात चौथी मूठ पडली. गंजामचा पंजा केवढा! सासूबाई पुटपुटल्या की या एकट्याचेच गहू दोघांचे होतात, पण सूप पुढे त्यांनीच धरलं होतं. रोट थापताना पीठ उरतच राहिलं आणि आमचे खांदे दुखून आले. बमरोलीला राहणारा एक भाऊबंद ओट्यावरूनच परत गेला. जाताना म्हणाला, उद्या घरमालकाचीही मूठ भरा. "त्यासनी विचारं नही," मामाजी शांतपणे म्हणाले. "विचारतीन तं देखसूत." रात्री गंजामने आपल्या भाषेत एक भजन म्हटलं. कोणाला अक्षर कळलं नाही, तरी बायकांनी टाळ्यांचा ठेका बरोबर धरला.

कोणाला वाटेल, यानंतर मामाजी निवळले असतील. छे! बाहेरच्यांवरचं भाषण एका शब्दाने बदललं नाही. उलट आता ऐकणारे पुन्हा दोन झाले, कारण गंजामही संध्याकाळी अर्ध्या ओट्यावर येऊन बसायला लागला. नव्याने आलेली माणसं मजुरी कशी पाडतात, हे तो मामाजींपेक्षा तावातावाने सांगायचा. मी दोघांना चहा द्यायची. साखर रेशनची.

पुढच्या वर्षीची कानबाई मोठी व्हायची होती. थोरले स्वतः सुरतेला येणार होते. भाड्याच्या खोलीतली देवी त्यांनी कधी बघितली नव्हती, आणि गंजामलाही बघितलं नव्हतं. मामाजींनी भिंतींना चुना दिला, केळीचे खांब कामरेजकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून ठरवले, नवीन टोपी घेतली. थोरले बघून गेले की सुरतेची कानबाई कायमची मान्य झाली, असं ते धरून चालले होते. मी आणि सासूबाईंनी गहू निवडून, धुऊन, वाळवून ठेवले. शनिवारी मुठी भरायच्या, रविवारी देवी बसायची.

शनिवारी सकाळी गंजाम आला. ओट्यावर चढला नाही. खाली रस्त्यावर, गटाराच्या फरशीपलीकडे उभा राहिला. हातात पिशवी. मी म्हटलं, या ना, चहा ठेवते. तो म्हणाला, "नहीं भाभी. काका को बुलाओ."

मामाजी बाहेर आले. गंजाम तिथूनच बोलला. गावाकडून फोन आला होता. आई गेली. तो दुपारच्या गाडीने निघणार होता. "मैं अंदर नहीं आऊँगा, काका. आज आपका गेहूँ है. मेरी मुट्ठी इस साल छोड़ दो. बाकी सब ठीक से करना." एवढं सांगून तो रडायला लागला, तिथेच उभा राहून, पिशवी छातीशी धरून.

आमचा नियम त्याने आमच्यापेक्षा नीट पाठ केला होता. मामाजी पायरी उतरले, फरशी ओलांडून गेले आणि त्याला पोटाशी धरलं. हाताला धरून त्याला ओट्यावर आणलं, आत आणलं, आणि सासूबाईंना म्हणाले, "गहू उचली ले. आपले सुतक शे."

सासूबाईंनी एकदा चुना दिलेल्या भिंतीकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. थोरले त्या वेळी गाडीत बसलेले असणार, हे त्यांनाही आठवलं असेल. तरी गव्हाचं सूप उचलून त्यांनी फळीवर ठेवलं आणि गंजामच्या पुढ्यात पाणी आणून दिलं. एवढ्या लांब त्याला एकटं सोडायचं नाही, म्हणून आमच्या ह्यांना मामाजींनी सोबत दिलं. ह्यांना ओडियाचं एक अक्षर येत नव्हतं. भूक लागली म्हणून सांगायचं तरी कसं, असं ते मला हळूच विचारत होते. मी म्हटलं, खात्यातल्या खुणा करा.

संध्याकाळच्या गाडीने थोरले उधन्याला उतरले. पांढरं धोतर, हातात काठी, बरोबर गावाकडची खारीक-खोबऱ्याची पिशवी. दारात आले तर ना तोरण, ना खांब, कोपऱ्यात चौरंग उलटा उभा केलेला. त्यांनी घरभर नजर फिरवली. मामाजी जमिनीवर बसले होते. कपाळाला गंध नव्हतं.

"काय व्हयनं?" थोरल्यांनी विचारलं. "कानबाई कोठे शे?"

"यंदा नही," मामाजी म्हणाले. "सुतक शे."

थोरल्यांचा आवाज चढला. भाऊबंदांत कोणी गेलं तर पहिला निरोप त्यांना जायचा. "कोनं सुतक? माले कसं म्हाईत नही?"

मी मोरीच्या दाराशी उभी होते. मला वाटलं आता भांडण होणार, आणि देवी गावाला जाणार ती कायमची. मामाजींनी मान वर केली.

"मनी वहिनी गयी," ते म्हणाले. "गंजामले."

ती बाई त्यांनी जन्मात बघितली नव्हती. थोरल्यांनी काठी आणि पिशवी भिंतीशी टेकवली, टोपी काढून खुंटीला अडकवली, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटी, बादलीभर पानी दे. माले बी आंघोय करनी पडी."